तांबडीचं झाकण

घटस्फोटाच्या अर्जावर सह्या करून आम्ही कोर्टातून बाहेर पडलो आणि त्याच दुपारी मी नि रणधीर एकाच बॉनेटखाली डोकी घालून भांडत होतो.

“हात लावू नकोस तिला,” रणधीर म्हणाला.

“निम्मी माझी आहे.”

“कुठली निम्मी?”

“इंजिनाकडची.”

‘ती’ म्हणजे तांबडी. जुनी चार दारांची गाडी, आतून मागची सीटं उपटून टाकलेली, बाहेरून लालभडक. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही ती दोघांच्या नावावर घेतली आणि शर्यतीसाठी घडवली. चालवायचा रणधीर, घडवायचे मी. कोल्हापुरात लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “रणधीरभाऊ, नाद खुळा!” आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, “वहिनी, चहा मिळंल का?”

संसार सात वर्षं चालला. मारहाण नाही, बाई नाही, बाटली नाही. वकिलांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, “हा माझं ऐकत नाही.” वकील म्हणाले, “वहिनी, एवढ्यावर घटस्फोट मिळायला लागला तर अख्खं कोल्हापूर मोकळं होईल.” मग त्यांनी ‘स्वभाव जुळत नाहीत’ असं लिहिलं. फ्लॅट, भांडी, फ्रीज सगळ्याची वाटणी सुरळीत झाली. तांबडीपाशी मात्र दोघंही अडून बसलो. शेवटी असं ठरलं की हंगामातली शेवटची शर्यत होऊ द्यायची आणि मग गाडी विकायची. कायद्याप्रमाणे सहा महिने थांबणं भागच होतं. “तोवर डोकी थंड ठेवा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

डोक्यांचं नंतर बघता आलं असतं. मला आधी तांबडीची हवा थंड करायची होती.

झालं होतं असं, की रणधीरनं आदल्या वर्षी मला न विचारता पुण्याहून एक चकचकीत नळी आणली होती. कंपनीचा हवा गाळायचा काळा डबा काढून त्याजागी ती बसवली. तिच्या टोकाला उघडा, निमुळता फिल्टर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तांबडी अशी डरकाळी फोडायची की उद्यमनगरातली कुत्री शेपूट घालायची. रणधीर खूश. पण तो फिल्टर होता रेडिएटरच्या मागं. इंजिनाला मिळायची ती सगळी रेडिएटरनं तापवलेली हवा. पहिलं मिनिटभर गाडी पळायची, मग दमेकऱ्यासारखी व्हायची.

“गरम हवा म्हणजे पाणी घातलेलं दूध,” मी त्याला त्या दुपारीही सांगितलं. “पातेलं भरलेलं दिसतं, पण साय येत नाही. बाहेरची थंड हवा आत आणायला पाहिजे.”

“आवाज बघ की तिचा!”

“आवाज तुझाही मोठा आहे.”

एका फौंड्रीवाल्याकडून मी तापमान मोजायचं यंत्र आणलं होतं. त्याची तार फिल्टरजवळ बांधून गाडी पाच मिनिटं पळवली. बाहेर चौतीस अंश, बॉनेटखाली बहात्तर. रणधीरनं आकडा बघितला, मान हलवली आणि म्हणाला, “यंत्र खराब दिसतंय.”

हा माणूस माझ्याच वर्गात इंजिनियरिंग शिकला होता.

माझी घाई वेगळ्या कारणानं होती. पुण्यात बिलिमोरिया नावाचे एक पारशी गृहस्थ शर्यतीची टीम चालवायचे. त्यांना गाड्यांची इंजिनं बघायला माणूस हवा होता. मी फोन केला तर म्हणाले, “बाई, कागदावरचं शिक्षण मला नको. तुमची गाडी धावताना दाखवा. कागलच्या शर्यतीला येतोच आहे मी.” घटस्फोटानंतर कोल्हापुरात राहून लोकांच्या नजरा झेलण्याची माझी तयारी नव्हती. तांबडी धावली तर पुणं, नाहीतर माहेरी मिरजेला वहिनीच्या स्वयंपाकघरात पाहुणी. हे सगळं रणधीरला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. लपवाछपवी आम्हाला कधी जमली नाही.

“बसव तुझा डबा,” तो एकदाचा म्हणाला. “पण चालवणार मी.”

डाव्या बाजूचा हेडलाइट मी काढून टाकला. शर्यत दिवसा असते, दिव्याचं काय काम? त्या भोकातून हवा आत घ्यायची, फायबरच्या बंद डब्यात सोडायची, डब्यात फिल्टर, वर घट्ट झाकण, आणि तिथून जाड नळीनं इंजिनात. रेडिएटरच्या बाजूला उष्णता अडवायला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर. ऐकायला सोपं वाटतं. पहिला डबा केला तो साफ फसला. जागा वाचवायला मी नळीला काटकोनात वळवलं, आणि वेग वाढला की तांबडी उचकी लागल्यासारखी करायला लागली. रणधीर गॅरेजच्या दारात चहा पीत हसत होता. “थंड हवेनं सर्दी झाली वाटतं तिला,” म्हणाला.

दुसऱ्या डब्याला बाक सैल घेतला. तरी तोंडाशी हवा अडखळत होती. नळीची कड सरळ कापलेली असली की हवा तिथं फाटते; कड बाहेरच्या बाजूला फुलासारखी वळलेली हवी. तसा साचा कशावरून काढावा या विचारात मी सासूबाईंकडे बसले होते.

सासूबाईंना सगळे आक्कासाहेब म्हणत. आमच्या घटस्फोटावर त्यांनी एकच निकाल दिला होता: “काडीमोड तुमचा हाय, जेवणाचा न्हाई.” त्यामुळे दुपारी मी त्यांच्याकडेच जेवायचे. त्या दिवशी त्यांनी पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवला आणि मी जेवायचं सोडून तांब्याच्या काठावरून बोट फिरवत बसले.

“काय गं? कलई गेलीया का?”

“आक्कासाहेब, हा तांब्या नेऊ का?”

“ने की. पर वाटणीत न्हवता त्यो, सांगून ठेवते.”

त्या तांब्याच्या काठावर फायबर चढवून मी तोंड काढलं. तिसरा डबा बसवला आणि तापमान मोजलं. बाहेरच्यापेक्षा जेमतेम तीन अंश जास्त. मी एकटीच होते गॅरेजात. डब्याला हात लावून बघितला तर गार! लाज वाटेल इतका आनंद झाला मला.

चाचणी घ्यायला आम्ही सकाळी माळावरच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. आक्कासाहेबही आल्या, घरी बसून करमत नाही म्हणून. त्यांच्या हातात मी सासऱ्यांचं जुनं स्टॉपवॉच दिलं. आधी रणधीरची चकचकीत नळी लावून फेरी, मग माझा डबा लावून. दोन्ही वेळा रणधीरच चालवणार.

पहिली फेरी डरकाळ्या फोडत झाली. लांबच्या ऊसतोडीच्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. दुसऱ्या फेरीला तांबडी निघाली आणि मलाच चुकल्यासारखं झालं. मागच्या सायलेन्सरची घरघर होती, पण पुढची डरकाळी सगळी त्या बंद डब्यात गेली होती. बायका पुन्हा खाली वाकून कामाला लागल्या.

रणधीर उतरला तो हेल्मेट काखेत मारून. चेहरा सुतकी.

“गाडी मुकी केलीस तू.”

“पळाली का?”

“मेल्यासारखी वाटते. गिअर कधी बदलायचा तेच कळत नाही. मी कानानं चालवतो, वृंदा. कानानं!”

“आक्कासाहेब, कोण पुढं?”

आक्कासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. “मुकी पुढं. लई पुढं.”

“घड्याळ बिघडलंय,” रणधीर म्हणाला.

“तुझ्या बापाचं घड्याळ हाय ते,” आक्कासाहेब म्हणाल्या. “त्ये कधी खोटं बोललं न्हाई. बाप बोलायचा.”

रणधीर तांबडीच्या टपावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, चिडला. चिडू दे, मी म्हटलं, सवय आहे.

शर्यतीच्या दिवशी कागलजवळच्या माळावर धुळीचा नुसता लोट होता. मातीत आखलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी एकच गाडी, प्रत्येकाला दोन फेऱ्या आणि दोनांतली चांगली वेळ धरायची. बिलिमोरिया पांढरी टोपी घालून दोरीपाशी खुर्ची टाकून बसले होते. मी जाऊन नमस्कार केला.

“तुमचा नवरा चालवतो?”

“अजून चार आठवडे.”

“आं?”

“नंतर घटस्फोट आहे.”

“अच्छा, अच्छा,” ते म्हणाले आणि दुर्बीण पुसायला लागले.

एवढ्यात मागून तांबडी सुरू झाल्याचा आवाज आला. डरकाळी! मी धावतच गाडीपाशी गेले आणि बॉनेट उघडलं. डबा होता, नळी होती, झाकण नव्हतं. चार बोल्ट काढून झाकण गायब. उघड्या डब्यातून फिल्टर रेडिएटरकडे तोंड करून बसला होता, त्यावर धूळही चढायला लागली होती.

“झाकण कुठंय?”

“काढलं.” रणधीर सीटवर पट्टे आवळत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

“का?”

“आवाजासाठी. बाकी सगळं तुझंच आहे की. एक झाकण तर काढलंय.”

सात वर्षांत हा माणूस नेहमी एकच झाकण काढायचा. चहात मी आलं घातलं तर तो वेलदोडा घालायचा. मी मिरजेचं तिकीट काढलं तर तो सांगलीला उतरायचा. घर घेताना मी पूर्वेकडची खोली मागितली, त्यानं पश्चिमेकडची घेतली आणि म्हणाला, एक भिंत तर बदलली. माझ्या तोंडात त्या क्षणी ज्या शिव्या आल्या, त्या मला येतात हेही मला माहीत नव्हतं. पण समोर पांढरी टोपी दिसत होती. आणि खरं सांगायचं तर अचानक मला कंटाळा आला. भांडणाचासुद्धा कंटाळा येतो.

मी बॉनेट आपटलं नाही, हलकेच बंद केलं. “ठीक आहे,” म्हटलं आणि जाऊन प्रेक्षकांत आक्कासाहेबांनी अंथरलेल्या सतरंजीवर बसले.

“काय झालं गं?”

“काही नाही.”

पहिली फेरी कशी झाली ते मी बघितलं नाही, ऐकलं. सुरुवातीला गर्जना, लोकांच्या शिट्ट्या, मग तिसऱ्या वळणानंतर आवाज मोठा आणि गाडी हळू. वेळ जाहीर झाली. आम्ही सहावे. बिलिमोरिया खुर्चीवरून उठून भडंगाच्या गाडीकडे चालायला लागले होते.

रणधीर हेल्मेट न काढताच आमच्याकडे आला. भिवया धुळीनं पांढऱ्या. मी मुकाट बसलेली. तो थोडा वेळ उभा राहिला, मी आता सुरू होईन, आता सुरू होईन म्हणून. मी माळाकडे बघत होते.

“वृंदा.”

मी सतरंजीवरची धूळ झटकत बसले.

“आक्कासाहेब, झाकण द्या ते,” तो आईला म्हणाला.

तेव्हा मला दिसलं की आक्कासाहेब इतका वेळ काकडी चिरत होत्या ती माझ्या झाकणावर. रणधीरनंच सकाळी त्यांच्याजवळ ठेवायला दिलं होतं.

“ह्ये गाडीचं हाय?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं ताट दिलंस. कुणी का घडवलं असंना, बरं घडवलंया, पाणी सांडत न्हाई.”

झाकण पुसून रणधीरनं माझ्यापुढं धरलं. “लाव.”

“तूच लाव. तूच काढलंयस.”

“मला घट्ट बसवता येत नाही. फट राहते. तुझं तू लाव.”

मी उठले. फिल्टर काढून झटकला, डबा पुसला, झाकण बसवून चारही बोल्ट आवळले. रणधीर पाने देत होता. दुसऱ्या फेरीची हाक आली तसा तो आत बसला आणि पट्टे लावता लावता म्हणाला, “मला खरंच कळत नाही गिअर कधी बदलायचा. थट्टा नाही. हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही.”

“समोर मीटर आहे रे, बाबा! काटा आहे त्याच्यात!”

“आजवर बघितला नाही मी तो.”

आता मीटरवरचे आकडे त्याला शिकवायला वेळ नव्हता. मी खिडकीतून अर्धी आत घुसले, कपाळावरची टिकली काढली आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या काचेवर साडेसहा हजारांच्या आकड्यावर चिकटवली. “काटा इथं आला की बदल. त्याआधी नाही. त्यानंतर नाही.”

त्यानं टिकलीकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या कपाळाकडे. “लोक काय म्हणतील?”

“चार आठवड्यांनी म्हणायचंच आहे. आज म्हणू देत.”

तांबडी निघाली. लोकांना वाटलं तिचं इंजिनच बसलं. कुणीतरी “अरेरे” म्हणालंसुद्धा. मी दोरीपाशी उभी होते. पहिलं वळण, दुसरं. गिअर कुठं बदलतोय ते मला सायलेन्सरच्या घरघरीवरून कळत होतं. बरोबर जागी. पुढच्या वळणालाही बरोबर. तिसऱ्या वळणानंतर, जिथं मघाशी ती दमली होती, तिथून तांबडी अशी सुटली की मागची धूळ तिला गाठायला धावतेय असं वाटलं. कुणी शिट्टी वाजवली नाही. आवाजच नव्हता, तर लोकांना वेग कळेना. बिलिमोरिया मात्र भडंगाचा पुडा तसाच हातात धरून थांबले होते.

वेळ जाहीर झाली. आमच्या गटात पहिली. नखाएवढ्या फरकानं, पण पहिली.

बिलिमोरिया आले ते थेट बॉनेटपाशी. झाकण उघडलं, आत हात घातला, वळलेल्या काठावरून बोट फिरवलं. “हे तोंड कशावर काढलं?”

“तांब्यावर.”

“कसला तांब्या?”

“पाणी पितो तो.”

“आणि हे सगळं कोणी केलं?”

मी तोंड उघडायच्या आत रणधीर म्हणाला, “हिनं. मी मध्ये मध्ये नासवलं, तेवढंच.”

बिलिमोरियांनी मला पहिल्या तारखेला पुण्याला यायला सांगितलं आणि झाकणावर काकडीची बी सापडली ती काढून माझ्या हातावर ठेवली.

परत येताना रणधीर जीप चालवत होता, मागं ट्रॉलीवर बांधलेली तांबडी, मागच्या सीटवर आक्कासाहेब डोळे मिटून. ऊन उतरलं होतं. कागलचा चढ लागला तसा रणधीर समोर बघतच म्हणाला, “मला त्या दिवशीच कळलं होतं.”

“काय?”

“मुकी जास्त पळते ते. स्टॉपवॉच बघायच्या आधीच. बुडाला कळतं माणसाच्या.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “मग आज झाकण का काढलंस?”

त्यानं गिअर बदलला. मग पुन्हा बदलला, गरज नसताना.

“पहिली आली असती तर तू पुण्याला गेली असतीस.”

एवढंच. इतक्या वर्षांत त्यानं इतकी सरळ गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. मला संताप आला. म्हणजे माझा पाच महिन्यांचा जीव, तीन डबे, फायबरनं सोललेली बोटं, सगळं चार बोल्ट फिरवून यानं पाण्यात घातलं असतं! आणि तरीही जीपमधून उतरावंसं वाटेना.

“आणि मग परत का मागितलंस?” मी विचारलं.

“तू भांडली नाहीस.” तो थांबला. “तू नेहमी भांडतेस. आज ठीक आहे म्हणालीस आणि जाऊन बसलीस. पहिल्या फेरीत पूर्ण वेळ मला तेच दिसत होतं. गाडी एवढी बोंबलतीय आणि तू गप. म्हटलं, ही गेलीच आहे. आता निदान जिंकून तरी जाऊ दे.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानं हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर?

“गाढव,” मागून आक्कासाहेब डोळे न उघडता म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, ते दोघांनीही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात कोर्टात उभे राहिलो. न्यायाधीशबाईंनी कागद चाळले, चष्म्यावरून बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “सहा महिने झाले. पुन्हा एकत्र राहण्याची काही शक्यता?”

मी रणधीरकडे बघितलं. इतर वेळी एव्हाना त्यानं उत्तर देऊन टाकलं असतं, माझंही. तो हात मागं बांधून गप्प उभा होता, मी आधी बोलायची वाट बघत.

“नाही, मॅडम,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही?”

रणधीरनं घसा खाकरला. “ती म्हणते ते बरोबर आहे.”

सात वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि शिक्का मारला. मला मात्र रुमाल सापडेना. शेवटी वकिलांनी स्वतःचा दिला.